दशांश चिन्हाचा नियम मला उमगला तो इतवारीच्या कापडावर

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नागपुरातील ज्या शिकवणी वर्गात मी जात होते, तेथे दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहज पार पडली. गुणाकाराशी मात्र मी तीन आठवडे अडून बसले. चिन्ह बाजूला ठेवून गुणाकार करा, दोन्ही संख्यांतील दशांश स्थळे मोजा आणि उजवीकडून तितकी स्थळे सोडून चिन्ह द्या, एवढे सांगून सर पुढच्या धड्याकडे वळले. असे का, हे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा "नियम आहे, पाठ करा" हेच ऐकले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझी शंका साधी होती. ०.३ आणि ०.२ यांची बेरीज ०.५ येते, म्हणजे एकच स्थळ. मग गुणाकार ०.६ न होता ०.०६ का व्हावा?

उत्तर मिळाले ते नागपुरातल्या इतवारी बाजारातून आणलेले कापड घरी पसरल्यावर. लांबी २.४ मीटर, पन्हा १.३५ मीटर. लांबी डेसिमीटरमध्ये २४ आणि पन्हा सेंटिमीटरमध्ये १३५ भरतो; म्हणजे एक डेसिमीटर लांब व एक सेंटिमीटर रुंद असे २४ × १३५ = ३२४० तुकडे त्या कापडावर आखता येतात. चिन्ह बाजूला ठेवून केलेला गुणाकार ही केवळ या तुकड्यांची मोजणी असते. एका चौरस मीटरमध्ये असे १० × १०० म्हणजे १००० तुकडे बसतात, म्हणून क्षेत्रफळ ३२४० भागिले १०००, म्हणजे ३.२४० चौरस मीटर. एक स्थळ म्हणजे दहाने भागणे, दोन स्थळे म्हणजे शंभराने. छेदांचा गुणाकार होताना त्यांतील शून्ये एकत्र येतात, आणि म्हणूनच स्थळांची बेरीज करावी लागते. बेरजेत दशांशात दशांशच मिळवले जातात, पण दशांशाचा दशांश हा शतांश असतो, माझे ०.०६ तेथेच सुटले आणि मला विलक्षण आनंद झाला.

गणित सोडवण्यापूर्वी अंदाज जरूर बांधावा: २ × १ आणि ३ × २ यांच्यामध्ये, म्हणजे २ ते ६ च्या दरम्यान, उत्तर यायला हवे. हे आधी सांगायला हवे होते, कारण ३२४० मधील शेवटचे शून्य आधीच खोडून मग स्थळे मोजल्यामुळे मी एका सराव परीक्षेत ०.३२४ लिहून आले होते. ते शून्यही एक स्थळ आहे. चिन्ह दिल्यावरच ते काढावे.