कान्याचा क्लेम

जेवण झाल्यावर सोसायटीचं पत्र टाइप करायला बसलो होतो. 'हिशोब सादर करीत आहोत' असं लिहिलं आणि पडद्यावर उमटलं, 'हिशोब सदर करीत होत'. 'सदर' मला खटकलंच नाही. सरकारी पत्रं वाचून डोळे इतके निर्ढावलेत की पत्रात दोनचार 'सदर' असणारच, असं ते धरून चालतात. 'होत'पाशी मात्र अडलो.

काना गेला होता. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी मराठी टाइप करतो त्या कीबोर्डच्या मांडणीत, काना इंग्रजी 'ई'च्या बटणावर असतो, आणि शिफ्ट दाबून तिथेच 'आ'. इंग्रजीत सगळ्यांत जास्त लागणारं अक्षरही तेच, म्हणजे दोन्ही भाषांचा मार त्या एकाच बटणाने खाल्ला. गंमत म्हणून घरच्यांची नावं लिहून बघितली. बाबांचे 'बब' झाले, काकांचे 'कक'. आई तर नुसती 'ई'. आजी मात्र 'जी' होऊन जरा रुबाबदार झाली.

मग लक्षात आलं की लॅपटॉप हल्ली टेबलावर डुगडुगतो आहे. टचपॅडही दाबला जात नव्हता, पोटातून कुणीतरी वर ढकलत असल्यासारखा. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल निघतो. कारखान्यातून निघताना क्षमता किती होती आणि आता किती उरली, दोन आकडे शेजारी शेजारी. माझ्या बॅटरीत जेमतेम निम्मी धुगधुगी होती. चार्जर कायम लावलेला, बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि खालून गरम. असं ठेवलं की आतलं रसायन हळूहळू विघटत जातं, वायू धरतो आणि पाकीट फुगतं. घरात सगळे सांगत होते, चार्जिंग काढ. पण पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट कधी जातील याचा नेम नसतो, आणि भरलेली बॅटरी ही भरलेल्या पिंपासारखी असते, बघूनच बरं वाटतं.

"वॉरंटी आहे का?" बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

होती. बाबांच्याच आग्रहाने जादा पैसे भरून वाढवलेली, आणि बॅटरीची वेगळी. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची घेतली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते, हे बारीक अक्षरातलं कलम दुकानात उभ्या उभ्या त्यांनी वाचलं होतं, मागे रांग लागलेली असताना.

बाबांकडे एक निळी बॉक्स फाइल आहे. तीवर त्यांच्या अक्षरात 'हमीपत्रे' लिहिलेलं आहे. दुकानदाराने कार्ड भरून, शिक्का मारून, सही केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम. फाइलमध्ये ज्या मिक्सरचं कार्ड आहे तो मिक्सर आता घरात नाही, आणि जो घरात आहे त्याचं कार्ड नाही. गीझर, पंखे, शिलाई मशीन, एक ट्रान्झिस्टर. खोकी माळ्यावर, कार्डं फाइलमध्ये. पण इतकं करून बाबांनी आयुष्यात एकही क्लेम केलेला मला आठवत नाही. काही बिघडलं की कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचं. मुदतीत असलं तरी. "उगाच त्या माणसाशी वाईटपणा कशाला?" म्हणायचे. हमी म्हणजे त्यांच्या लेखी वापरायची वस्तू नव्हतीच मुळी. रिमोटवरचं प्लॅस्टिक जसं काढायचं नसतं, तशी ती राखायची.

मी फोन लावला. लॅपटॉप उलटा करून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरल्यासारखा हनुवटीखाली दाबून सिरीयल नंबर वाचला. पलीकडची मुलगी प्रत्येक अक्षराची खात्री करून घेत होती. "बी फॉर बॉम्बे, सर?" बॉम्बेची मुंबई 1995 मध्ये झाली, पण फोनवर नंबर सांगताना आपण सगळे अजून बॉम्बेतच राहतो. 'एम फॉर मुंबई'ही चालतं, हा भाग वेगळा. एकाच शहराच्या नावावर दोन अक्षरं भागतात.

माणूस येणार म्हटल्यावर आदल्या रात्री मी लॅपटॉप पुसायला घेतला. का, ते विचारू नका. मोलकरीण यायच्या आधी घर आवरणाऱ्या घरातले आम्ही. कानातल्या काडीने फटी कोरल्या तेव्हा 'के' आणि 'एल'च्या मधून चिवड्यातलं एक डाळं निघालं. कुठल्या दिवाळीतलं, देव जाणे.

मुलगा पंचविशीचा असेल. पाठीवर सॅक, हातात भाग असलेलं खोकं. चहाला नको म्हणाला आणि मग प्यायला. वर्तमानपत्र पसरून त्याने मागचे स्क्रू काढले आणि ज्या जागी होते तसेच कागदावर मांडले, लहान-मोठे, जणू लॅपटॉपचा नकाशाच. गिटार वाजवायची असते तसली एक त्रिकोणी चकती फटीत सरकवून त्याने कड उघडली. टक, टक, टक करत झाकण सुटलं. आत बॅटरीची चंदेरी पाकिटं टम्म झाली होती आणि त्यांच्यावरची काळी पट्टी ताणून फाटायला आली होती.

"हिनेच कीबोर्ड वर ढकललाय, काका." मग बाबांकडे बघून, "आजोबा, बोट नका लावू. टोचलं तर पेटते."

बाबांनी बोट मागे घेतलं, पण खुर्ची पुढे ओढली. ही लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं, हे त्यांनी त्या मुलाला सांगून टाकलं. तिघांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते, इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा कुणी नाही. ही बातमी बाबांनी तेव्हा मोठ्याने वाचून दाखवली होती. "माणूस पुढे शंभर वर्षांचा होऊन गेला," ते म्हणाले, "आणि त्याची बॅटरी तीन वर्षांत ही अशी." मुलगा हसला आणि स्क्रू हरवू नये म्हणून तळहाताने कागद दाबून धरला.

कीबोर्ड सुटा निघत नाही. वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकचे बारीक खिळे वितळवून तो चिकटवलेला असतो, त्यामुळे पत्र्यासकट बदलायचा. म्हणजे माझे तळहात टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागाही गेली. जुन्याकडे शेवटचं नीट बघितलं. स्पेसबारचा उजवीकडचा अर्धा भाग चकचकीत, डावा कोरा. डाव्या अंगठ्याने इतक्या वर्षांत काडीचं काम केलेलं नव्हतं.

नवा बसला. सगळी अक्षरं पांढरीशुभ्र. आणि मला टाइप करता येईना.

सांगलीला आमची आत्या टायपिंग शिकायला जायची. मे महिन्याच्या सुट्टीत, घरात दंगा नको म्हणून, मला बरोबर धाडायचे. रस्त्यावरून जिना चढून गेलं की एक लांबट खोली, ओळीने मशिनं, आणि त्या सगळ्यांचा मिळून गारपिटीसारखा आवाज. ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. ओळ संपत आली की घंटी, मग हाताने गाडी मागे ढकलायची. गोदरेजने 1955 साली देशी टाइपरायटर काढला त्यातलीच ती मशिनं, पण बटणांवरची अक्षरं केव्हाच उडालेली. मी सरांना विचारलं, यांना दिसतं कसं? सर म्हणाले, बघायचंय कुणाला? एखादी मान खाली गेलीच तर सर बोटांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, आता चालू दे. आत्या मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाली, मग चाळीसची, आणि जिल्हा परिषदेत लागली. अजूनही टीव्ही बघताना तिची बोटं मांडीवर चालतात. निवेदक बोलतो ते ती टाइप करत असावी. मी कधी विचारलं नाही.

तर नव्या अक्षरांमुळे मी खाली बघायला लागलो आणि बोटं बुजली. रुमाल आणावा की काय, असं वाटलं.

मुलाने जुना कीबोर्ड आणि बॅटरी खोक्यात भरून वर पट्टी लावली. "एवढं 'ई'चं बटण ठेवता येईल?" मी विचारलं. नाही म्हणाला, जुना भाग कंपनीला परत जातो, तिथे तपासून घेतात. कोपऱ्यावरचा दुकानदार जुना भाग आपल्या हातात ठेवतो, बदललाय याचा पुरावा म्हणून. इथे नवं फुकट, पण जुनं त्यांचं. सही केली. कागदावर लिहिलं होतं की नव्या बॅटरीची हमी वेगळी नाही, मूळ मुदत संपेल तोवरच.

"म्हणजे मार्चपर्यंत," बाबा म्हणाले. "बॅटरी नवी आणि तारीख जुनी." कागद लावायला त्यांनी फाइल उघडली आणि चाळता चाळता थांबले. त्यांच्या छातीतल्या पेसमेकरचं कार्डही त्याच फाइलमध्ये आहे, गीझरच्या मागे, पंच करून लावलेलं. त्यातही लिथियमच, पण चार्ज न होणारं. डॉक्टर दरवर्षी छातीवर यंत्राचं टोक धरून किती उरली ते वाचतात. संपत आली की तिथेही बॅटरी सुटी निघत नाही, अख्खी डबीच बदलतात, तारा चांगल्या असल्या तर त्याच ठेवून.

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कार्डावरची तारीख वाचली.

"ही तर केव्हाच उलटली."

"मग?"

"मग काय. चालतंय की," म्हणाले आणि त्या मुलाला विचारलं, "तुम्हाला रिकामं खोकं लागणार नसेल तर आम्ही ठेवू का?"