कोरी मध्यं

आज दुपारपर्यंत एकाच स्लाइडपाशी अडकले होते. मानेतली गाठ. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात गोल फॉलिकल्स, म्हणजे बी पेशींचे (संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके, दाटीवाटीने भरलेली. संसर्गाने सुजलेली गाठ अशी दिसू शकते आणि फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे याच बी पेशींचा कर्करोगही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

मग इम्युनोच्या, म्हणजे एकेक ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या, स्लाइड्स आल्या. सीडी २०, सीडी १० ही प्रथिनं संसर्ग आणि लिम्फोमा दोन्हीकडे रंगतात, त्यांच्यावर निकाल लागत नाही. मला बघायचं होतं बीसीएल २. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. निरोगी जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे फॉलिकलच्या मध्यात, नको त्या बी पेशी मराव्याच लागतात, म्हणून तिथे ते जवळजवळ नसतं. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकदा १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, आणि ते बनतच राहतं.

भिंगाखाली फॉलिकल्सची मध्यं कोरी होती! भोवतीचं कडं मात्र छान तपकिरी, म्हणजे स्टेन नीट लागलेला. तरी थांबले, कारण काही लिम्फोमांतही बीसीएल २ निगेटिव्ह येतं. केआय ६७ पाहिलं, ही विभागणाऱ्या पेशींची खूण: भरपूर, आणि निरोगी मध्यात असतं तसं एकाच बाजूला गडद. रिअॅक्टिव्ह. म्हणजे नुसती सूज, कर्करोग नाही.

रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच सर्जनना फोन केला. पेशंट बाई तीन आठवडे नीट झोपल्या नव्हत्या, म्हणाले.