पाचट जातं कुठं?

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (उसाचा वाळका पाला) ठेवायला लागल्यापासून बांधावर येणारा प्रत्येकजण हेच विचारतो, "वर्षभरात एवढं पाचट जातं कुठं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ढोबळमानानं दोन वाटे हवेत जातात आणि एक वाटा जमिनीत राहतो, जिवाणूंचं अंग होऊन.

टनभर वाळक्या पाचटात साधारण ४०० किलो कर्ब (कार्बन) असतो, नत्र (नायट्रोजन) जेमतेम ५ किलो. बुरशी न् जिवाणू ते गिळत नाहीत, त्यांना तोंडच नाही. पाचक रस बाहेर सोडायचा, काडीतल्या सेल्युलोजची साखर बाहेरच करायची आणि मग ती आत ओढायची, असा त्यांचा कारभार. बरीचशी साखर प्राणवायू लावून जाळली जाते, तिचा कार्बन डाय ऑक्साइड उडून जातो. थंडीत सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते ना, ती याच जाळाची. उरलेल्या साखरेतून ते अंग बांधतात. घोळ होतो तो इथंच.

त्यांच्या अंगात ८ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. म्हणजे ४०० तला तिसरा वाटा, १३० किलो कर्ब अंगी लावायचा तर नत्र हवं १६ किलो. पाचटात आहे ५. बाकीचं ते मातीतून उचलतात, आणि उसाच्या मुळांपेक्षा त्यांचा हात चपळ.

पहिल्या वर्षी मी पाचट सरीत दाबलं, युरिया चिमूटभरही टाकला नाही. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू कल्चर ही शिफारस वाचली होती, पण मला तो दुकानदाराचा धंदा वाटला! महिन्याभरात खोडवा पिवळा. चुलते म्हणाले, "तरी सांगत होतो, काडी लावून पाचट पेटवून दे."

८ किलो युरियात नत्र ४ किलोसुद्धा नाही, मग तूट भरते कशी? पाचट एका दमात कुजत नाही, आणि मेलेल्या जिवाणूंचं नत्र पुढची पिढी वापरते. शेवटी खायला काडी कमी पडली की तेच नत्र मोकळं होऊन उसाला मिळतं. पावसाळ्यात माझा पिवळा खोडवा आपोआप काळाभोर झाला. चुलते म्हणाले, पाऊस मानवला.