लिस्बनमध्ये बाबांचं एकच मागणं

तिकिटं काढायच्या आधी मी सगळ्यांना विचारलं होतं, लिस्बनमध्ये तुम्हाला काय बघायचंय? लेकीने ट्राम सांगितली, धाकट्याने समुद्र, नवऱ्याने किल्ला. आई म्हणाली, "मला कुठेही बसवा, मी माणसं बघत बसेन." बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून त्यांचा फोन आला. "काशियासचा तुरुंग. बाहेरून दिसला तरी चालेल. बाकी तुम्ही न्याल तिथे येईन."

बाबा ७६ वर्षांचे, आई ७२. लेक तेरा, धाकटा सात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण निघालो. युरोपात आईबाबांना न्यायचं तर लिस्बन निवडू नका, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. सात टेकड्यांचं शहर, सगळा चढउतार आणि पायाखाली फरशी नाही, तर हातोडीने ठोकून बसवलेले चुनखडीचे पांढरे खडे आणि बेसाल्टचे काळे. त्यांची नक्षी फार देखणी असते. रोसिओ चौकात तर समुद्राच्या लाटाच पसरल्यात असं वाटतं. पण वर्षानुवर्षांच्या पायांनी तो दगड गुळगुळीत झालेला आणि आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडून गेलेला. बाबांची काठी पहिल्याच वळणावर सटकली. ते पडले नाहीत, कारण मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांचा दंड धरला. त्याने स्वतःची काठी उलटी करून खालचं जाड रबर दाखवलं, मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट केलं आणि निघून गेला. आम्ही त्या दुकानातून तसलंच रबर घेतलं. पुढचे सहा दिवस त्या रबराने बाबांना सांभाळलं. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा.

दुसरी सांगण्यासारखी गोष्ट लिफ्टची. किल्ल्याच्या टेकडीवर चढायला लोक २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी ताटकळत उभे असतात. आम्हीही एक तास उभे राहिलो. ट्राम आली ती खच्चून भरलेली. आईला ती उंच पायरी चढवेना आणि मागचे लोक ढकलायला लागले, तेव्हा आम्ही रांग सोडली. मग कळलं की खालच्या सपाट भागात, बायशामध्ये, फांकेरोस नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीतून वर जाणारी लिफ्ट आहे. फुकट. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चाललं की जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन लिफ्टमध्ये अर्धी टेकडी संपते. रोज भाजी आणायला जाणारी तिथली म्हातारी माणसं हाच रस्ता वापरतात. आई त्या लिफ्टमध्ये एका बाईच्या पिशवीत डोकावली आणि मला म्हणाली, "कोबी घेतलाय तिने." लेकीने दुकानात पाटी वाचली होती, तिने सांगितलं, "आजी, इथे त्याला कोव्ह म्हणतात."

आईचं खरं लिस्बन तिथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी घरमालकीण बाईंनी घर ताब्यात देताना किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, "शाव." आई पटकन म्हणाली, "चावी म्हणतेय ती." मोरीतली प्लास्टिकची बादली दाखवताना त्या म्हणाल्या, "बाल्द." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दूरच्या गावात कुणी माहेरचं भेटलं. त्या दिवसापासून तिने हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला घेतले. बटाटा. पाव. काजू. अननस. फीत. घमेलं, जे तिकडे 'गामेला'. मेस्त्री, जो तिकडे 'मेश्त्र'. लिलाव. हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ज्या बाईने पन्नास वर्षं बटाटे सोलले आणि बादल्या भरल्या, तिला ते बाजारात ऐकताना पाहणं फार वेगळं होतं. भाजीवालीशी ती तेवढ्या आठ शब्दांवर बोलायची आणि काम व्हायचं. कोपऱ्यावर पेटत्या शेगडीवर चेस्टनट भाजणारा माणूस होता. ते मीठ लावून कागदाच्या पुडीत देतात. आईने एक सोलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "आठळीच आहे ही. थोडी गोड." मग रोज संध्याकाळी एक पुडी ठरलेली.

अल्फामा आम्ही हळूहळू पाहिला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हा भाग बराचसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत. वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या. सांता लुझियाच्या कट्ट्यावर बोगनवेलीखाली बसलं की खाली तेजो नदी दिसते, समुद्राएवढी रुंद. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, भूकंपाआधीच्या राजवाड्याच्या चौकाचं. ते सगळं त्या एका सकाळी गेलं. सर्व संतांचा सण होता, चर्च भरलेली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आधी जमीन हलली, मग नदीतून लाटा आल्या आणि आग तर कित्येक दिवस विझली नाही. कार्मो मठाच्या चर्चला तेव्हापासून छप्पर नाही. नुसत्या कमानी आकाशात उभ्या आहेत. तिथे बाबांनी नातवंडांना १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगितला. डिसेंबरची पहाट, सांगलीतलं घर, फडताळातली भांडी आपोआप वाजायला लागली आणि त्यांच्या आजीने सगळ्यांना अंगणात हाकललं. धाकटा त्या कमानींकडे बघत ऐकत होता. राजाचा मंत्री पोम्बाल याने नंतर बायशा नव्याने बांधताना भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घातले, म्हणजे घर हललं तरी कोसळू नये. हे ऐकून बाबा भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "शिकले म्हणजे."

बेलेमला एक पूर्ण दिवस दिला. तिथला जेरोनिमोस मठ राजा मानुएलने १५०१ च्या सुमारास बांधायला घेतला, तो मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे त्या दगडी दोरखंडांच्या आणि शिंपल्यांच्या नक्षीत आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांचे पैसे आहेत. चर्चमध्ये जायला तिकीट लागत नाही, आतल्या अंगणाला लागतं. आईबाबांना चर्चच पुरेसं झालं. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर. तो मेला कोचीला, १५२४ च्या डिसेंबरात. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि या मठात तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आले. पुढे गाभाऱ्यात मानुएल आणि त्याच्या मुलाच्या कबरी आहेत आणि त्या कबरी हत्तींच्या पाठीवर उभ्या आहेत, संगमरवरी हत्तींच्या. लेक बराच वेळ त्यांच्यासमोर उभी होती. "आई, हे वजन त्यांच्यावर कायमचं आहे का?" तिने विचारलं. मला तो प्रश्न अजून आठवतो.

धाकट्याला मात्र गेंडा मिळाला. बेलेमच्या बुरुजावर एका पहारा-चौकीच्या खाली दगडात कोरलेलं गेंड्याचं डोकं आहे, झिजून नुसता आकार उरलेलं. गुजरातच्या सुलतानाने तो गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, गोव्याहून त्याला जहाजात चढवलं आणि २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. इथे त्याचं नावच 'गांदा' पडलं, म्हणजे आपला गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीजवळ जहाज बुडालं आणि साखळीला बांधलेला गेंडाही. "त्याला पोहता येत नव्हतं?" धाकट्याने विचारलं. बाबा म्हणाले, "साखळी होती ना."

तिथून जवळ नदीकाठी दर्यावर्दींचं, जहाजाच्या आकाराचं उंच स्मारक आहे, १९६० सालचं. पुढे जमिनीवर जगाचा नकाशा दगडात बसवलाय. लोक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढतात, मुलंही हिंदुस्थानावर जाऊन उभी राहिली. मी फोटो काढला, पण माझं मन तिथे रमलं नाही. कारागिरी सुंदर आहे, दर्यावर्दी धाडसी होते, हे सगळं मान्य. पण ज्या वर्षी हे स्मारक उभं राहिलं, त्याच सुमाराला बाबांचा माणूस याच किनाऱ्यावर, इथून काही मैलांवर, कोठडीत होता.

त्या माणसाचं नाव मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, म्हणून बाबांना ते घरचे. गोव्यात ते शिक्षक म्हणून गेले आणि मुक्तीच्या लढ्यात उतरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना इकडे पोर्तुगालला आणून काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी, आपल्या बाबूजींनी, त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनीही रानड्यांसाठीच शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. बाबांनी नंतर कॉलेजात असताना त्यांना लांबून पाहिलं होतं. त्या एका पाहण्यावर त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं हे नाव जपलंय.

आधी आम्ही अल्जुबला गेलो, मोठ्या चर्चच्या अगदी बाजूला. हुकूमशहा सालाझारच्या काळात तिथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून संग्रहालय आहे. पोर्तुगीजांनी आपल्याच हुकूमशाहीविरुद्ध लढलेल्यांसाठी ते उभारलंय आणि वसाहतींमधल्या लढ्यांनाही त्यात जागा दिलीय. एकांतवासाच्या कोठड्या दाखवल्यात. रुंदी एका माणसाच्या पसरलेल्या हातांपेक्षा कमी. बाबा आत गेले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही कुणी बोललो नाही. बाहेर आल्यावर आईने पर्समधून वही काढली आणि लेकीला विचारलं, "तुरुंगाला काय म्हणतात यांच्यात?" मी सांगितलं की आपला तुरुंग हा शब्दच यांच्या 'त्रोंकू'वरून आला असं मानतात. आईने तो लिहिला. बटाटा, पाव, काजूच्या खाली.

शेवटच्या दिवशी काइश दो सोद्रेहून कश्काइशच्या लोकलमध्ये बसलो. रूळ पूर्णवेळ नदीच्या कडेने जातात, मग नदीचा समुद्र होतो. वीसेक मिनिटांत काशियास. छोटंसं स्टेशन, समोर किनारा, पोरं सर्फिंगच्या फळ्या घेऊन चाललेली. किल्ला वर टेकडीवर. टॅक्सीवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "तुरुंग? आजही तिथे तुरुंगच आहे." म्हटलं, माहीत आहे. त्याने वर नेऊन रस्त्याच्या पलीकडे थांबवलं. जाड दगडी भिंत, वर कुंपण, फाटकापाशी पहारेकरी. बाकी दिसण्यासारखं काही नाही. हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर दोनच दिवसांत इथले राजकीय कैदी बाहेर आले होते. रानडे त्याच्या पाच वर्षं आधी.

बाबांनी काठी हातात उचलून धरली आणि सरळ उभे राहिले. टोपी काढली. दोन मिनिटं झाली असतील. मग पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला, म्हणून नवरा हळूच म्हणाला, "निघूया, बाबा." बाबा म्हणाले, "हो. झालं."

परतीच्या गाडीत धाकटा त्यांच्या शेजारी बसला. त्यांनी त्याला गणित घातलं, "डिसेंबर एकसष्ट ते जानेवारी एकोणसत्तर. किती झाले?" त्याने बोटांवर मोजलं, चुकला, पुन्हा मोजलं. "सात वर्षं आणि एक महिना." थोडा वेळ तो खिडकीतून पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, म्हणजे मी जन्मल्यापासून आत्तापर्यंत ना?"

"हो," बाबा म्हणाले. "आणि गोवा सुटल्यानंतर."

आईने पिशवीतून सांगलीच्या भडंगाची पुडी काढली. शेवटची होती. बाबांनी आधी नातवाच्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला.