गणपती की आंबा

काल रात्री जेवताना दादाने सहज विचारलं, "मग, परत निघणार कधी?" आणि मी उत्तर द्यायच्या आधी उठून वही आणायला गेलो. वहिनी हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "भावोजी, नोकरी सुटली तुमची, पण मस्टर काही सुटलं नाही."

खरंय त्यांचं. साधी शंभर पानी वही आहे, चिपळूणला घेतलेली. तिच्यात महिन्याचे चौकोन आखलेत आणि रोज सकाळी पडवीत चहा झाला की मी एका चौकोनावर फुली मारतो. आज २८ मार्च, म्हणजे मुंबईत उतरल्यापासून १३७ वा दिवस. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, हेदवी आणि वेळणेश्वरच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी धरा. घर चिऱ्याचं, मागे आगर, वर आंब्याची कलमं. मी १९९६ ला कॅनडात गेलो, गेल्या जूनमध्ये ६५ व्या वर्षी रिटायर झालो आणि हा आमचा पहिला पूर्ण हिवाळा इथे. टोरांटोकडे थंडी टाळायला फ्लोरिडात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना स्नोबर्ड म्हणतात, म्हणजे बर्फ पडायला लागला की उडून जाणारे पक्षी. आम्ही त्यातलेच, फक्त आमचं फ्लोरिडा गुहागरात.

इकडचे मित्र भेटले की पहिला प्रश्न पैशाचाच. किती साठवावे लागतात, पेन्शन किती, पुरते का. सांगतो, पण खरं सांगायचं तर पैशाचं प्लॅनिंग एका दुपारी झालं होतं. कॅनडात दोन सरकारी पेन्शनी असतात. एक सीपीपी, ती तुम्ही नोकरीत भरलेल्या पैशावर. ती ६० ला घेता येते पण ६५ च्या आधीच्या दर महिन्याला ०.६ टक्के कापतात, म्हणजे ६० ला घेतली तर ३६ टक्के कमी, तीही कायमची, आणि ७० पर्यंत थांबलात तर ४२ टक्के जास्त. दुसरी ओएएस, ती नोकरीवर नाही तर तिथे किती वर्षं राहिलात त्यावर. अठराव्या वर्षानंतर ४० वर्षं राहिलात तर पूर्ण, माझी २९ झाली म्हणून मला ४० पैकी २९ भाग. आणि २० वर्षं पूर्ण झालेली असतील तरच ती सहा महिन्यांच्या पुढेही परदेशात मिळत राहते. आमच्या ओळखीतले एक जण १७ वर्षं राहून कायमचे पुण्याला यायला निघाले होते, हे कळल्यावर त्यांनी सामान परत उघडलं. झालं, एवढंच पैशाचं. बाकी सेव्हिंग, घराचं कर्ज वगैरे ज्याचं त्याचं.

दिवसांचा हिशोब मात्र अजून लागलेला नाही, आणि हे मला त्या प्लॅनिंगवाल्या माणसाने विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं, महिन्याला खर्च किती, रिस्क किती चालेल. वर्षातले किती दिवस कोणाला देणार, असं काही त्याच्या फॉर्मवर नव्हतं.

तर दिवस असे. टोरांटो ज्या प्रांतात येतं त्या ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, ज्याला ओहिप म्हणतात, तो चालू ठेवायचा तर कुठल्याही १२ महिन्यांत कमीत कमी १५३ दिवस प्रांतात असलं पाहिजे. हे एक टोक. दुसरं टोक भारताचं. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे भरले की तुम्ही इन्कम टॅक्ससाठी इथले रहिवासी. इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती मर्यादा आणखी खाली, १२० दिवसांवर येते, पण आमची कलमं एवढी काही देत नाहीत, वानरंच निम्मं खातात. चिपळूणचे आमचे सीए म्हणाले की मर्यादा ओलांडली म्हणून आभाळ कोसळत नाही, इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला सुरुवातीला एक मधला दर्जा मिळतो आणि बाहेरच्या पेन्शनवर इथे टॅक्स लागत नाही. पण तो दर्जा थोड्याच वर्षांचा, पुढे सगळं दोन्हीकडे दाखवा, दोन्हीकडे कागद, एनआरई म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या बँक खात्याचं वेगळं. मला म्हातारपणी फॉर्म भरायचे नाहीत हो, म्हणून मी १८१ ची रेघ मारली आणि पलीकडे जायचं नाही ठरवलं.

आणि इथे गंमत सुरू होते, कारण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि आमचा हापूस एप्रिल-मे मध्ये. म्हणजे मी एकाच हिवाळ्यात येऊन एकाच मे मध्ये गेलो तरी सरकारच्या लेखी ते दोन वर्षांत वाटलं जातं. यावर्षीचा आंबा पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतो. १ एप्रिल ते १० मे ४० दिवस, परत १२ नोव्हेंबरला आलो तर ३१ मार्चपर्यंत १४०, झाले १८०. उरला एक दिवस. त्या एका दिवसात गणपती बसवून दाखवा!

कोकणातला माणूस मुंबईत असो नाहीतर टोरांटोत, चाकरमानी तो चाकरमानीच, त्याला तीन वेळा घरी यायचं असतं, गणपती, शिमगा आणि मे महिना. शिमगा माझ्या हिशोबात आपोआप बसतो. यंदा पालखी दारात आली, नाचवली, खांदा द्यायला मीही घुसलो आणि दोन दिवस खांदा धरून बसलो, ते सोडा. पण २९ वर्षांत गणपतीला मी फक्त चार वेळा घरी होतो. रिटायर झालो की दरवर्षी येणार असं आईला सांगून ठेवलं होतं, ती आता नाही.

२०२६ चा गणपती १४ सप्टेंबरला आहे. येऊन पाच दिवस, गौरी-विसर्जन, जरा टेकायला धरून १५ दिवस लागतात. ते नोव्हेंबरातून कापता येतात, म्हणजे १२ ऐवजी २६ ला यायचं, वहीत ते बसतं. वहीत न बसणारं म्हणजे दुसऱ्यांदा एवढ्या लांबची तिकिटं, बायकोचे गुडघे, आणि नात.

नात सात वर्षांची. मुलीची आणि जावयाची दोघांची नोकरी. तिकडे शाळा लेबर डे झाला की उघडते, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार गेला की मंगळवारी, आणि पहिले पंधरा-वीस दिवस मुलीची जी धावपळ असते ती बघून आम्ही गेल्या सप्टेंबरात दुपारी साडेतीनला शाळेच्या दारात उभं राहायचं काम घेतलं. नेमका गणपती त्यातच. बरं तिला इकडे आणू म्हटलं तर तिची लांब सुट्टी जुलै-ऑगस्टला, म्हणजे कोकणात घरातून खळ्यात जायचं तरी इरलं लागेल असा पाऊस, वीज जाते, आंबा संपलेला. एकदा मुद्दाम आणली होती जुलैमध्ये. आम्हाला वाटलं कंटाळेल, तर ती दिवसभर पडवीच्या पायरीवर बसून पागोळ्यांखाली डबे, वाट्या, तपेली लावून वाजवत बसायची आणि रात्री बेडूक मोजायची. नाताळात शाळेला दोन आठवडे सुट्टी असते, त्यात ती सगळी येऊन गेली यंदा, पण दोन आठवड्यांतले चार दिवस प्रवासात आणि तीन दिवस जेट लॅगमध्ये, पहाटे तीनला उठून "आजोबा, घावणे?"

तारीख १२ नोव्हेंबरच का, याचीही गोष्ट आहे आणि निघणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी. प्रांताबाहेर पडलं, त्यातून देशाबाहेर, की ओहिपच्या भरवशावर राहण्यात काही अर्थ नाही, वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावा लागतो. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जुना आजार असेल तर निघण्याआधी ९० दिवस, काही पॉलिसीत १८० दिवस, औषधात बदल झालेला नसावा. डोस कमी झाला तरी तो बदलच! ११ ऑगस्टला माझ्या डॉक्टरने बीपीची गोळी अर्धी केली, मी खूश, पेढे वाटायचे बाकी, आणि संध्याकाळी पॉलिसी वाचताना कळलं की आता ९० दिवस हलायचं नाही. दसरा नाही, दिवाळी नाही. मग नोव्हेंबर उजाडला. आता ठरवलंय, डॉक्टरकडे तपासणीला जुलैच्या आत जायचं. इथे दवाखान्याची काळजी सगळे विचारतात, तर आम्हाला डेरवणचं हॉस्पिटल गाडीने गाठता येतं, ते आधी बघून ठेवलं होतं, रात्रीअपरात्री कोणाच्या गाडीने जायचं त्या मुलाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

फिरायचं म्हणाल तर आमच्या टोरांटोच्या मित्रमंडळींत रिटायर झाल्यावर क्रूझ करायची पद्धत आहे, जहाजावर सात दिवस खायचं आणि झोपायचं. आम्ही धोपाव्याहून दाभोळला जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने जातो. गाडी चढवायची, खाली उतरून कठड्याला टेकायचं, दहा-पंधरा मिनिटांत खाडी पार, आमची क्रूझ झाली. याच महिन्यात असेच दापोलीवरून वेळासला गेलो, घरगुती मुक्काम केला, पहाटे कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडताना बघितली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे अंडी राखायला सुरुवात केली, आता गावच ते बघतं. अंडी पुरल्यावर पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, त्याचीही तिथे वही असते, कुठलं घरटं कुठल्या तारखेचं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमचे भाऊबंद."

प्रवासात एक मात्र टोचतं. दादा ७६ चा, त्याला एसटी फुकट. वहिनींना बाई म्हणून अर्धं तिकीट. मी ६५ झालो तरी माझा पासपोर्ट कॅनडाचा, आधार कार्ड नाही, म्हणून तिघं गुहागरला निघालो की सगळ्यात जास्त पैसे मी मोजतो आणि दादा मागच्या सीटवरून ओरडतो, "डॉलरवाल्याचं पूर्ण घे रे!" रेल्वेत तर ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून सगळ्यांचीच बंद आहे, तिथे आम्ही समान. आणि आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपतीची गाडी पाहिजे असेल तर जुलैच्या मध्यावर सकाळी आठच्या ठोक्याला, इथले आठ म्हणजे टोरांटोत आदल्या रात्रीचे साडेदहा, मोबाईल घेऊन बसायचं. मिनिटा-दोन मिनिटांत वेटिंग.

कागदाचं एक सांगतो आणि थांबतो, कारण हे बोलायला सगळे टाळतात. परदेशी नागरिक झालेल्या माणसाला, ओसीआय म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड असलं तरी, इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. आमच्या सातबारावर सव्वीस नावं होती, त्यातली अकरा माणसं वारलेली. या हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारी दादा आणि मी मिळून वारस नोंदीच्या मागे लागलो, दाखले, प्रतिज्ञापत्रं, मुंबईतल्या चुलतबहिणींच्या सह्या. पाच बहिणी, पाचही जणी आल्या. सह्या दहा मिनिटांत झाल्या आणि मग तीन दिवस त्या राहिल्या, माजघरात गाद्या टाकून रात्री दीडपर्यंत हसत होत्या. १९८२ नंतर आम्ही सगळी भावंडं एका छपराखाली पहिल्यांदाच. वहीत त्या तीन चौकोनांवर फुली मारायची राहिलीच, मागाहून मारली.

नातीचा रोज फोन असतो. ती दिवस मोजत नाही, तिकडच्या मुलांची पद्धत वेगळी, ती झोपा मोजते. "आजोबा, अजून किती झोपा?" काल म्हटलं त्रेचाळीस-चव्वेचाळीस. "तेवढ्या मी झोपू शकत नाही," म्हणाली.

गणपतीचं अजून ठरलेलं नाही. बायको म्हणते मी नातीजवळ राहते, तुम्ही एकटे जाऊन या. मुलगी म्हणते बाबा आम्ही बघू काहीतरी, जा तुम्ही. म्हणजे जाऊ नका.

तर काल रात्री मी वही उघडून दादाला सांगितलं, १० मे. त्याने हात धुतला, चष्मा लावला, बोटांवर काहीतरी मोजलं. "आढीत आठ-दहा दिवस तरी लागतात. म्हणजे तुझी तोड ३० एप्रिलला धरायला पाहिजे, झेलेकऱ्याला आत्ताच सांगतो, नंतर तो मिळायचा नाही." मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ३० एप्रिलच्या चौकोनात त्याच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, तोड, विहिरीवरचं कलम.