‘पगार तोच, ग्रेड खाली’ : बार्शी लाईटचा इतिहास शोधताना

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाईटचा, म्हणजे एका खासगी कंपनीने तिथे चालवलेल्या छोट्या रेल्वेचा, विषय निघाला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : “एकतीस डिसेंबरला कंपनीनं सोडलं, एक जानेवारीला सरकारनं धरलं, पगार तोच, ग्रेड खाली.” आम्हां मुलांना ती म्हाताऱ्या माणसाची नेहमीची कुरकुर वाटे. आजोबा गेले, छोटी गाडीही गेली आणि ते वाक्य घरात म्हणीसारखे उरले.

तीन वर्षांपूर्वी गावाकडच्या एका स्मरणिकेसाठी या रेल्वेवर लेख लिहाल का, अशी विचारणा झाली. मी बँकेतून निवृत्त झालेलो होतो, हाताशी वेळ होता आणि दोन महिन्यांत लेख देतो असे सांगून मोकळा झालो. प्रत्यक्षात चौदा महिने लागले. ते कसे लागले हे सांगितले, तर आपल्या भागातल्या एखाद्या बंद पडलेल्या लाईनचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्याचा थोडाफार उपयोग होईल.

सुरुवात अर्थातच चुकीच्या ठिकाणाहून झाली. रेल्वेची माहिती रेल्वेकडेच असणार या समजुतीने मी रेल्वेच्या एका कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि १९५४ पूर्वीच्या मालवाहतुकीचे आकडे, कर्मचाऱ्यांच्या याद्या आणि कंपनीबरोबरचा मूळ करार असे सगळे एकाच अर्जात मागितले. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले, की असा अभिलेख उपलब्ध नाही. मी पहिले अपील केले. त्यावर माझा अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला आणि तिथूनही तेच उत्तर आले. त्या वेळी मला राग आला होता. पुढे लक्षात आले, की कंपनी १९५४ साली सरकारजमा झाली, लाईन मध्य रेल्वेत आली, मग सोलापूर विभागच १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ साली परत मध्य रेल्वेकडे आला. इतक्या वेळा घर बदलणाऱ्या कुटुंबाकडे पणजोबांची पत्रे सापडावीत, अशी अपेक्षा मी धरली होती. शिवाय ‘सर्व अभिलेख’ असे मोघम मागण्यापेक्षा एका अर्जात एकच नेमकी गोष्ट मागावी, हे शहाणपण अर्ज आणि अपील दोन्ही वाया गेल्यावर आले.

यानंतर मी मुंबईला पुराभिलेख विभागात गेलो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या त्या वाचनकक्षात ओळखपत्र, अर्ज, मागणीपत्रक, शिसपेन्सिल आणि भरपूर सबुरी एवढे साहित्य लागते. पहिले दोन दिवस मला काहीच सापडले नाही. सूचीत मी कुर्डुवाडी शोधत होतो, आणि इंग्रजी कागदांत हे गाव जवळजवळ नाहीच. तिथे आहे ते ‘बार्शी रोड’. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाईन १८५९ साली इथवर आली, तेव्हा स्टेशनाला नाव मिळाले ते वीस-बावीस मैलांवरच्या बाजारपेठेचे. त्यातही ‘बार्शी’ हे नाव इंग्रजीत कधी एका प्रकारे, तर कधी शेवटी दोन ई लावून लिहिलेले. ही दोन्ही रूपे कळल्यावर कागद बोलू लागले.

त्या स्टेशनाच्या नावातच या रेल्वेचे कारण दडलेले आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजी मुलखातली, पण तिच्या पलीकडे लगेच निजामाचे राज्य सुरू होई. बालाघाटाकडचा आणि मराठवाड्यातला कापूस, जवस, करडई, डाळी बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत उतरत आणि तिथून पुन्हा गाड्यांवर लादून बार्शी रोडला मोठ्या रेल्वेपाशी पोहोचत. बावीस मैलांचा हा शेवटचा टप्पा पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाचा होता. मोठ्या कंपनीला इतक्या थोड्या अंतरासाठी रुंदमापी (ब्रॉडगेज) फाटा काढणे परवडणारे नव्हते, आणि नेमक्या याच पेचावर तिच्याच नोकरीतल्या एका इंजिनिअरची नजर पडली.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप १८८२ साली जी.आय.पी.मध्ये लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. काही वर्षांतच त्याने बार्शीच्या अरुंदमापी (नॅरोगेज) लाईनचा प्रस्ताव मांडला, नोकरी सोडली आणि चिकाटीने पाठपुरावा करून १८९५ साली लंडनमध्ये ‘बार्शी लाईट रेल्वे कंपनी’ उभी केली. त्याचा विचार मला समजायला वेळ लागला, कारण मी बँकेतला माणूस. वर्कशॉपमधल्या आजोबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी तो मला चहाच्या टेबलावर काडेपेट्या मांडून समजावला. रूळ हलके ठेवायचे, यार्डाला तीस पौंड वजनाचे, म्हणजे लाईन स्वस्तात होते. पण हलका रूळ जड चाकाखाली टिकत नाही. म्हणून कॅलथ्रॉपने नियम घातला, की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण असो, कुठल्याही आसावर (ॲक्सलवर) पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. दोन रुळांतले अंतर अडीच फूट. इंजिन दणकट हवे, तर त्याचे वजन जास्त आसांवर वाटायचे. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने त्याची पहिली इंजिने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची आणि मागे आणखी चार चाकांची बनवली. चार आसांच्या वाघिणीचे भरलेले वजन वीस टनांपुढे जाऊ शकत नाही. तेव्हा वाघीण स्वतः जितकी हलकी, तितका माल जास्त. त्यासाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे वापरले गेले. “हमालाला टोपलं हलकं दिलं की ओझं जास्त उचलतो, तसंच हे,” असे ते काका म्हणाले. मी वाचलेल्या सगळ्या इंग्रजी मजकुरापेक्षा हे वाक्य सरस आहे असे माझे मत आहे.

हे सगळे साहित्य हिंदुस्थानात पाठवण्याआधी १८९६ साली लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता लोहमार्ग घालून लोकांना चालवून दाखवण्यात आले. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९०७ साली तडवळे, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज अशी लाईन वाढत गेली आणि तिची लांबी दोनशे मैलांच्या थोडी वर पोहोचली. मालासाठी जन्मलेल्या या रेल्वेला पंढरपूरने माणसांची गर्दी दिली खरी, पण आषाढी-कार्तिकीचे दिवस सोडले, तर तिची भाकरी कापसावर, शेंगांवर आणि धान्यावरच भाजली जात होती. लातूरची पेठ तिच्याचमुळे मुंबईच्या बाजाराला जवळ झाली. मात्र कुर्डुवाडीला प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत टाकावे लागे. हमालांच्या पिढ्या त्यावर जगल्या आणि पुढे मालट्रक आल्यावर हीच चढउतार लाईनला भारी पडली. (कॅलथ्रॉपने नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवले, हेही याच शोधात समजले. लेखात ते बसत नव्हते, पण काढवेनाही.)

इथपर्यंत आठ महिने झाले होते आणि लेख बराचसा तयारही होता. अडत होते ते शेवटापाशी. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने लाईन विकत घेतली, एवढे एक वाक्य प्रत्येक ठिकाणी मिळे आणि त्याच्यापुढे काही नाही. विकत घेतली म्हणजे कशी? माणसांचे काय झाले? आजोबांचे ‘पगार तोच, ग्रेड खाली’ खरे होते की नव्हते?

उत्तर मिळाले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. पुण्यात माझे एक वकील मित्र आहेत, आयुष्यभर कामगारांच्या दाव्यांत घालवलेले. त्यांच्याकडे सहज बसलो असताना मी आजोबांचे वाक्य सांगितले. ते एकदम थांबले आणि म्हणाले, “अहो, बार्शी लाईट म्हणजे आमच्या कायद्यातला पहिला धडा. तुम्ही रेल्वेच्या दारात काय बसलात? कोर्टात जा.” त्यांनी कपाटातून ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) या निकालसंग्रहाचा १९५७ सालचा जुना खंड काढला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या भागातले पान १२१ माझ्यापुढे ठेवले. २७ नोव्हेंबर १९५६ चा तो निकाल. त्यात आणखी एका अपिलाबरोबर बार्शी लाईट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर हे अपील निकालात काढलेले आहे. जोगळेकर म्हणजे इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यातले रेल्वे कामगारांचे पुढारी.

जो करार मी माहितीच्या अधिकारात मागून थकलो होतो, त्याचा सारांश तिथे पहिल्याच काही परिच्छेदांत होता. १ ऑगस्ट १८९५ च्या त्या कराराने कंपनीला लाईन बांधायला आणि चालवायला दिली, आणि त्याच कराराने सरकारला बारा महिन्यांची सूचना देऊन ती विकत घेण्याचा हक्कही दिला. म्हणजे रेल्वे जन्मली त्या कागदातच कंपनीच्या शेवटाची तरतूद होती. १९ डिसेंबर १९५२ रोजी रेल्वे बोर्डाने ती सूचना दिली. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस काढली, की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर आपली नोकरी संपेल. जे इच्छुक असतील त्यांना सरकार आपल्या अटींवर कामावर घेईल. आणि मग ती ओळ आली. सुमारे ७७ टक्के माणसांना पूर्वीच्याच वेतनश्रेणीत घेतले. सुमारे २३ टक्के माणसांना काहीशा खालच्या श्रेणीत घेतले, परंतु त्यांच्या चालू पगाराला झळ लागली नाही. आणि चोवीसेक जणांनी सरकारी नोकरी नाकारली. मी ते तीनदा वाचले. सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजीत आजोबांचेच वाक्य लिहिलेले होते.

भांडण होते ते नुकसानभरपाईचे. १९५३ च्याच ऑक्टोबरात औद्योगिक विवाद कायद्यात नवी तरतूद आली होती, की कामगाराची छाटणी केली तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा. कामगार म्हणत, कंपनीने आम्हांला काढले, तर ही छाटणीच आहे. न्यायालयाने म्हटले, की छाटणी चालू धंद्यात होते; जास्तीची माणसे कमी करणे म्हणजे छाटणी. मालकाने धंदाच खऱ्या अर्थाने बंद केला किंवा दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्याला छाटणी म्हणता येत नाही. कंपनी जिंकली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलला आणि धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी भरपाईची तरतूद केली. ती लागू कधीपासून? २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाईटच्या माणसांच्या नावाने कायदा सुधारला, पण त्यांचा ३१ डिसेंबर १९५३ त्या तारखेच्या तीन वर्षे अलीकडे राहिला. तरीही निकाल नुसता चुकीचा होता असे मी लेखात लिहिले नाही. बहुतेकांची नोकरी दुसऱ्या सकाळी चालू होती, हेही त्याच पानावर होते. मला सलते ती तारीख.

यानंतर मी लेख पहिल्यापासून पुन्हा लिहिला. पाच टनांचा आस, तीस पौंडी रूळ, वाढत गेलेली स्टेशने हे सगळे राहिले, पण लेखाचा कणा आता १८९५ चा तो करार झाला. एकदा बार्शीहून येडशीच्या बाजूला जुन्या वाटेने थोडे चालूनही आलो. जुनी लाईन धाराशिव शहराला टाळून जात असे. रुंदमापी करताना मार्ग वळवून शहराशी जोडला, त्यामुळे मधला जुना भराव मोकळाच पडला आहे. त्यावर बाभळी आहेत आणि एका ठिकाणी कुणीतरी कडबा रचून ठेवलेला होता.

छापायला देण्याआधी लेख आत्याला वाचून दाखवला. तिचे वय नव्वदीच्या जवळ आहे, पण कान तल्लख आहेत. काडेपेट्यांचा भाग तिने हसत ऐकला, निकालाच्या भागाला मात्र डोळे मिटून घेतले. वाचून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे पैसे मिळाले नाहीतच ना रे?”

“नाही आत्या.”

“तरीच. त्या वर्षी आईनं पाटल्या मोडल्या होत्या. भरपाईचं आलं की परत करून देतो, म्हणाले होते अण्णा.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. हे मला ठाऊक नव्हते. लेखात ते घालू का, असे विचारल्यावर तिने घाल म्हणून सांगितले, फक्त पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या ते लिहू नकोस, असेही बजावले.