डर्बन, आणि आठ म्हणायची कसरत

डर्बनला जाताना डोक्यात समुद्र आणि बनी चाऊ एवढंच होतं (अर्धा पाव पोखरून त्यात रस्सा, पोट तुडुंब). पण मित्र तिथे रिसर्च करतो, तो म्हणाला चल कॅम्पस दाखवतो, म्हणून टेकडीवरच्या हॉवर्ड कॉलेजला गेले, वरून बंदर मस्त दिसतं.

हा कॅम्पस ज्या क्वाझुलू-नाताल युनिव्हर्सिटीचा, तिने २०१४ पासून नवीन पोरांना झुलू या तिथल्या स्थानिक भाषेचा एक कोर्स कम्पलसरी केलाय, शाळेत झुलू झालेलं असेल तर सूट. मला वाटलं झुलू पोरं खूश असतील. कसलं काय! कँटीनमध्ये भेटलेली उम्लाझीची (डर्बनजवळची वस्ती) मुलगी म्हणाली, आई ओरडते, झुलू घरात फुकट मिळते, फी इंग्लिशसाठी भरतेय. आणि हे बोलता बोलता शेजारणीला स्टॅटिस्टिक्सचं गणित समजावत होती, चक्क झुलूत, मधेच फक्त "मीन" आणि "व्हेरिअन्स" ऐकू यायचं. आमच्या कॉलेजात सर फळ्यावर इंग्लिश लिहून मराठीत समजवायचे, तेच डिट्टो.

पण तिच्या आईचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. गोऱ्या सरकारच्या १९५३ च्या बांटू एज्युकेशन कायद्याने काळ्या मुलांना सुरुवातीची वर्षं मातृभाषेत शिकवलं ते प्रेमापोटी नाही, शिक्षणच हलकं द्यायचं होतं, मजूर बनण्यापुरतं. मग वर आफ्रिकान्स, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा, लादली आणि १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोची पोरं रस्त्यावर आली, गोळ्या झेलल्या. त्या पिढीला "तुमच्याच भाषेत शिका" हे वाक्यच संशयास्पद वाटणार ना.

मी तिला विचारलं, आठला काय म्हणतात? "इसिशियागालोंबिली." म्हणजे दोन बोटं सोडून दे! दहातून दोन सोडली की आठ, कसलं भारी. ती हसली, "पण आम्ही एट म्हणतो."

परतताना मिनीबस टॅक्सीत पैसे मागच्या सीटवरून पुढे हातोहात जातात, पुढे बसेल तो हिशोब करतो. पुढच्या मावशींची ड्रायव्हरशी जोरदार झुलू चालू होती पण सुट्टे मोजले इंग्लिशमध्ये. मी म्हटलं आपण तरी झुलूत मोजून बघू, इसिशियागा... पर्यंत आले आणि माझा स्टॉप मागे गेला.